आरोग्य हक्कांचा अभ्यास करायचाय, पण नोकरी सोडायची नाही

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस, वय ३१, नोकरी कंत्राटी. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत, मुलगा चार वर्षांचा, सासूबाई आमच्याजवळच असतात. माझ्या गावांतली निम्मी घरं दिवाळीच्या पुढंमागं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात. गरोदर बायका रजिस्टरमधून मध्येच गायब होतात. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या तिशीच्या आतल्या बाया कंबर दुखते, अंग भाजतं म्हणून येतात. औषध मी देते. पण हे असं का होतं आणि याचा जाब कोणाला विचारायचा, ते कळत नाही. एका परदेशी विद्यापीठाचा आरोग्य समता आणि मानवी हक्क या विषयाचा ऑनलाइन कोर्स सापडलाय, नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. फी अडीच लाखांच्या घरात जाते. मिस्टर म्हणतात, कर्ज काढू. सासूबाई म्हणतात, "त्यापरीस एमडी केलं असतं तर दारावर पाटी तरी लागली असती." तालुक्याचे साहेब हसून म्हणाले, "मॅडम, हक्क शिकून मोर्चा काढता का काय?" माझं इंग्रजी बेताचं आहे. काय करू?

एक वाचक, धारूर तालुका

नमस्कार.

अभ्यास जरूर करा. पण त्यासाठी अडीच लाखांचं कर्ज काढू नका आणि नोकरीही सोडू नका. आणि कुठल्याही कोर्सचा फॉर्म भरण्याआधी तुमच्या उपकेंद्रातलं गरोदर मातांचं रजिस्टर घेऊन एक-दोन रविवार बसा. का ते पुढं येईलच.

तुम्हाला पडलेला प्रश्न डॉक्टरकीच्या पुस्तकात नसतो. तांड्यावरच्या बाईचं हिमोग्लोबिन सात का, याचं उत्तर आपल्याला पाठ असतं: आहारात लोह कमी, पोटात जंत, पाठोपाठची बाळंतपणं. पण सात-साडेसातवाल्या बाया मोजल्या तर त्यांतल्या बहुतेक तांड्यावरच्या किंवा गावाबाहेरच्या वस्तीवरच्याच का निघतात, हे कोणी शिकवलेलं नसतं. आरोग्य समतेचा अभ्यास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नामागं लागणं. आणि त्या बाईला वेळेत लोहाचं इंजेक्शन मिळावं ही जबाबदारी नक्की कोणावर होती, ती पार पडली नाही तर तिनं कुठं दाद मागायची, हे हक्कांच्या बाजूनं येतं. तुमच्या पत्रात हे दोन्ही आहेत, म्हणून विषय तुम्ही बरोबर निवडलाय असं मला वाटतं.

या विषयाच्या कुठल्याही कोर्सात लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास भेटतोच. तो १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातलं कोणी उपाशी नव्हतं, सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत. तरी सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांमधलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि मधल्या हुद्द्यांवर ते मधलंच राहिलं. म्हणजे फक्त अगदी गरीब माणूसच मागं पडतो असं नाही, एकेक पायरी उतरत जावं तसतसं आयुष्य कमी भरतं. हे काम करणारे मायकल मार्मट पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या, आरोग्यामागच्या सामाजिक कारणांविषयीच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाचा २००८ चा अहवाल फुकट उतरवून घेता येतो.

पण खरं सांगू का, हा विषय लंडनपासूनच सुरू करायला हवा असं काही नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. देशाचा कायदा १९६१ साली आला, त्यातली रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. आता तुमच्या तांड्यावरची ऊसतोड करणारी सात महिन्यांची गरोदर बाई यात कुठं बसवायची? कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, मालक मी नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामगार म्हणून तिचं एकटीचं नावच कुठं लागत नाही. खाडा झाला की पैसे कापणार. मालकच सापडत नाही तिथं रजा मागायची कोणाकडं? जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्याचं मूळ इथं आहे. तुमच्या अडाणीपणाचा त्यात काही संबंध नाही.

पिशवीचं तुम्ही लिहिलंत, त्यावर जरा थांबते, कारण हा विषय शिकायला याहून चांगला धडा मिळणार नाही.

२०१९ साली या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीसमोर आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे.

आता लगेच "पाचपट" असं लिहून मोकळ्या होऊ नका. राष्ट्रीय आकड्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही धरलेल्या आहेत, त्यांची पिशवी काढायचा प्रश्नच येत नाही. ऊसतोडीच्या पाहणीतल्या बायांचं वय काय होतं, पन्नाशीच्या पुढच्या किती होत्या, हे पाहिल्याशिवाय दोन टक्के शेजारी ठेवता येत नाहीत. वयोगट पाडायचे, तिशीच्या आतल्यांची तुलना तिशीच्या आतल्यांशी करायची, आणि तरीही फरक उरला तर त्यावर बोट ठेवायचं. संतापानं बोलणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. समोरच्या अधिकाऱ्यानं उलटतपासणी घेतली तरी टिकेल असा आकडा मांडणारे फार थोडे, आणि अभ्यास करायचा तो त्या थोड्यांत बसण्यासाठी.

पुढचा भाग हक्कांचा. आरोग्याचा हक्क १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, १२ व्या अनुच्छेदात आहे. भारत त्यात १९७९ साली सामील झाला. त्या अनुच्छेदाचा अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००० साली आपल्या १४ व्या टिप्पणीत उलगडून सांगितला. त्यात चार कसोट्या आहेत: सेवा उपलब्ध आहे का, ती माणसाच्या आवाक्यात आहे का, त्याला ती घ्यावीशी वाटेल अशी आहे का, आणि तिचा दर्जा काय. आवाक्यात असणं म्हणजे नुसतं अंतर नाही. भेदभाव नको, खिशाला परवडायला हवी आणि माहितीही मिळायला हवी, हे सगळं त्यात येतं.

हे पाठ करू नका, तुमच्या बाईला लावून बघा. मला आठवते ती केजकडची एक बाई. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून मांडले. सोनोग्राफीचा रिपोर्ट, मेडिकलच्या पावत्या, मुकादमाच्या हिशेबाची चतकोर चिठ्ठी. पिशवी का काढली, ते एकाही कागदावर नव्हतं. वय अठ्ठावीस. विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर म्हणले खराब झालीय, ठिवली तर कॅन्सर व्हतो." तिची मूळ तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची होती. फडात ना संडास, ना आंघोळीला आडोसा. पाळीत सुट्टी घ्यावी तर खाडा. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद आहे, पण त्या दिवशी डॉक्टर नाही. तिथं थांबायचं तर दोन दिवसांची मजुरी जाणार, आणि उचलीचे पैसे हातात आहेत तोवरच काय ते उरकायचं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येऊन हाडं ठिसूळ होऊ लागतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. एका बाईत चारही कसोट्या नापास. आणि तरी कागदोपत्री ती "स्वतःच्या मर्जीनं" शस्त्रक्रिया करून घेतलेली रुग्ण.

याच टिप्पणीत सरकारची तीन प्रकारची कर्तव्यं सांगितली आहेत. सरकारनं स्वतः हक्क मोडू नये, दुसऱ्या कोणाला मोडू देऊ नये, आणि हक्क प्रत्यक्षात यावा म्हणून सोय उभी करावी. खासगी दवाखान्यात गरज नसताना पिशवी निघाली तर सरकार म्हणू शकत नाही की आमचा काय संबंध. मधलं कर्तव्य तिथं लागू होतं. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवीच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ती याच कर्तव्याच्या पोटी. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पिशवीच्या अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. आता परवानगीचा तो कागद खरोखर तपासून दिला जातो की नुसता शिक्का पडतो, हे बघणं ज्याच्या त्याच्या हातात आहे. तुमच्याकडं आलेल्या बाईला तिचे कागद मागायला तर तुम्ही आजच सांगू शकता. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

आपल्या राज्यघटनेबद्दल थोडक्यात. ४७ वं कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत येतं, त्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही. वाट निघाली ती २१ व्या कलमातून, जगण्याच्या हक्कातून. यातला एक निकाल तुम्ही आधी वाचा: पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा, १९९६ चा. हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एका सरकारी दवाखान्यात नेलं, कुठं सोय नाही, कुठं खाट नाही. शेवटी खासगीत खर्च करावा लागला. तातडीचे उपचार नाकारणं हा २१ व्या कलमाचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब चालणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं आणि त्याला २५,००० रुपये भरपाई दिली. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रात्री एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरलेल्या कुठल्याही आशाताईला ही गोष्ट वाचून दाखवा, ती म्हणेल, हे तर आमचंच.

आता कोर्सचं.

पहिल्या वर्षी इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, मानवी हक्कांचं प्रमाणपत्र करा. मुदत कमीत कमी सहा महिने, प्रवेश जानेवारीत आणि जुलैत, परीक्षा जून आणि डिसेंबरला. हिंदी माध्यम आहे, ते घ्या. फी तुमच्या एका पगारातून सहज निघेल. या कोर्सात आरोग्याचा भाग कमी आहे, पण करार, घटना, आयोग, न्यायालयं यांचा पाया पक्का होतो, आणि तुम्हाला उणीव त्याचीच आहे. आरोग्याची बाजू तुम्ही जगताच आहात.

तो जमला तर दुसऱ्या वर्षी बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा एक वर्षाचा दूरशिक्षण पदविका कोर्स बघा. मानवी हक्कांच्या कायद्याचा आहे तसाच वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्राचाही आहे. तुमच्यासाठी मी दुसरा निवडेन. तो इंग्रजीत आहे आणि फी बरीच जास्त, म्हणून वर्षभर थांबा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा सार्वजनिक आरोग्याचा एमपीएच चांगला आहे, पण तो पूर्णवेळ, दोन वर्षांचा. चार वर्षांचं पोर आणि कंत्राटी नोकरी असताना आज त्याचा विचार नको. वकिलीची पदवी घ्यावी असंही मध्येच मनात येईल, सगळ्यांच्या येतं. दूरशिक्षणानं केलेली एलएलबी बार कौन्सिल मानत नाही आणि नियमित कॉलेजात हजेरी लागते. उपकेंद्र सांभाळून ते होणार नाही. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, फक्त परीक्षेला पैसे पडतात, तेही चाळून बघा.

फी भरण्याआधी एक गोष्ट नक्की करा. कोर्स देणारी संस्था त्या सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण यादीत आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटाच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. आरोग्याच्या नावाखाली वाट्टेल ती प्रमाणपत्रं विकणारी दुकानं आपल्याकडं तालुक्याच्या गावापर्यंत आलीत.

त्या परदेशी कोर्सबद्दल माझं मत वाईट नाही. पण अडीच लाखांत तुम्हाला मुख्यतः मिळणार ओळखी, चर्चा आणि सीव्हीवर एक नाव. ज्याला पुढं आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचंय त्याला ते कामाला येईल. तुम्हाला धारूरमध्ये काम करायचंय. तिथं जे वाचायला देतात त्यातलं बरंचसं उघड्यावर आहे: ती १४ वी टिप्पणी, २००८ चा अहवाल, जोनाथन मान यांनी १९९४ साली हार्वर्डमधून सुरू केलेलं आरोग्य आणि मानवी हक्कांचं नियतकालिक, आपल्या मुंबईचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स. सगळं फुकट. तरीही मन होत असेल तर त्या विद्यापीठाला एक पानाचा ईमेल लिहा: मी भारतात सरकारी उपकेंद्रावर काम करते, अमुक प्रश्नावर काम करायचंय, फीत सवलत मिळेल का. दिली तर जा. नाही दिली तर तुमचं काही गेलं नाही.

इंग्रजीचा बाऊ करू नका. मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा मराठीत आहे, राज्यघटना मराठीत आहे. आधी ते वाचा, मग इंग्रजी उतारा समोर ठेवा. विषय कळलेला असला की भाषा मागोमाग येते. रोज उठून इंग्रजी पोर्टलं भरणारी बाई तुम्ही. ई-संजीवनीवर, त्या सरकारी ऑनलाइन सल्ल्याच्या पोर्टलवर, तज्ज्ञाशी बोलताच ना?

वेळेचं मात्र नीट ठरवा. रात्री अकरानंतर अभ्यास करेन, असं ठरवलं तर तो होत नाही, मुलगा झोपत नाही आणि ऑनलाइन रिपोर्ट राहिलेला असतो. तुमच्या गावांना स्वतःचं एक वेळापत्रक आहे, त्याचा फायदा घ्या. डिसेंबर ते मार्च गावं रिकामी असतात, ओपीडीत म्हातारीकोतारी आणि मागं ठेवलेली लेकरं. बायामाणसं परतली की एप्रिलपासून तुमची पळापळ, राहिलेले डोस, वाढलेली बीपी, सगळं एकदम. म्हणून जानेवारीचा प्रवेश तुम्हाला सोयीचा. मार्चपर्यंत वाचन आणि स्वाध्याय उरका, मे महिन्यात फक्त उजळणी, जूनला पेपर. व्हिडिओ रेंज असेल तिथं आधीच उतरवून ठेवा. मिस्टर कर्ज काढायला तयार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. त्यांच्याकडून पैशाऐवजी दर रविवारचे तीन तास मागा. मुलगा, स्वयंपाक, पाहुणे, सगळं त्यांच्याकडं. माझ्या अनुभवात पुरुषांना कर्ज काढणं त्यापेक्षा सोपं जातं.

आता ते रजिस्टर. गेल्या हंगामाआधी नोंद झालेल्या सगळ्या गरोदर बाया घ्या. नावं लिहू नका, आकडे द्या. प्रत्येकीपुढं इतकंच लिहा: वस्ती कोणती, कोयत्याला गेली का, जाण्याआधी शेवटची तपासणी कधी, माता-बाल कार्ड बरोबर नेलं का, बाळंतपण कुठं झालं, बाळाचं वजन, पेंटा लसीचे तीन डोस वेळेवर पडले का. दोन रविवार पुरतील. मग वस्तीवार वेगळं करा. मला अंदाज आहे काय दिसेल, पण तो मी सांगत नाही, तुम्ही बघा. त्यातून जो प्रश्न सर्वांत जास्त टोचेल तो घेऊन अभ्यासाला बसा. असा प्रश्न हाताशी नसला की मानवी हक्कांचे कोर्स फार सपक लागतात, नुसती कलमं आणि सालं. हे काम तुमच्या रोजच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून करता येईल. पण उद्या त्यावर लेख लिहायचा, शोधनिबंध करायचा म्हटलं, तर वरिष्ठांची लेखी परवानगी आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्यासाठी आहेत. रजिस्टरच्या पानाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. बाईचा आजार ही तिची गोष्ट आहे. हक्क शिकणाऱ्यानंच तो मोडला तर बोलायला तोंड उरत नाही.

एकट्या राहू नका. धाराशिव जिल्हा तुमच्या शेजारी आहे. राज्यात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्या पहिल्या जिल्ह्यांत तो होता. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, अशी ती पद्धत. पुण्याच्या साथी संस्थेकडं त्याचं मराठी साहित्य आहे, ते मागवून घ्या. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केलं, ते काम एकदा जाऊन बघा. तुळजापूरलाच टाटा संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. एक दिवस काढून ही दोन्ही ठिकाणं पायाखालून घाला.

साहेबांच्या मोर्चाच्या थट्टेवर चिडू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. कंत्राट अकरा महिन्यांचं असतं आणि नको त्या तोंडातून प्रश्न आला की नूतनीकरण अडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून अभ्यासाच्या परवानगीचा अर्ज लेखी द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. शिकलेलं मांडायचं ते जिथं मांडायची सोय आहे तिथं: जन आरोग्य समिती, गाव आरोग्य-पोषण समिती, तालुक्याची मासिक बैठक. "अमुक सिस्टरनं काम केलं नाही" असं कधी मांडू नका. दसऱ्याआधी तांड्यावर तपासणीचं शिबिर घ्यायला गाडी मिळाली नाही, म्हणून इतक्या बायांची तपासणी राहिली, पुढच्या वर्षी गाडी सप्टेंबरातच मिळावी, असं मांडा. आशा आणि एएनएम (आरोग्यसेविका) आधीच ओझ्याखाली वाकलेल्या असतात. हक्कांची भाषा शिकलेले नवे लोक पहिला हातोडा त्यांच्यावरच घालतात, मी हे फार पाहिलंय, आणि वरचे अधिकारी खुशीत असतात. जबाबदारी वर चढत गेली पाहिजे: औषध नाही तर मागणी कधी केली, पुरवठा कोणी अडवला, पद रिकामं तर किती दिवस. मोर्चा काढायचा की नाही, तो निर्णय गावाचा. तुमच्या आकड्यांवर उद्या तांड्यानं मोर्चा काढला तर साहेबांना तुमच्याकडंच यावं लागेल, आकडा बरोबर आहे का विचारायला.

सासूबाईंचंही एकदम खोडून काढू नका. प्रमाणपत्रानं पगार वाढणार नाही, बढती मिळणार नाही, पाटी तर नाहीच नाही. हे घरात आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे वर्षानं कोणी हिशेब मागणार नाही. पुढं जिल्हा कार्यक्रमात, संस्थांमध्ये, संशोधनात जागा निघतात तेव्हा उपकेंद्रावरची वर्षं आणि हा अभ्यास मिळून वजन पडतं, पण त्याची हमी मी देत नाही. आणि एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांची बाळंतपणं कुठं, कशी झाली, कोणी केली, किती लेकरं राहिली, ते विचारा. तुमच्या अभ्यासाला लागणारा चाळीस वर्षांचा मागचा धागा त्यांच्याकडं आहे आणि तो कुठल्याच कोर्सात मिळणार नाही.

जानेवारीचा प्रवेश धरायचा तर दिवाळीतच कागद काढून ठेवा: दहावीची सनद, बीएएमएसच्या गुणपत्रिका, आधार, फोटो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. बायकांचे फॉर्म बहुतेक वेळा तिथंच अडतात. आणि माध्यमाच्या रकान्यात हिंदी निवडलंय ना, हे पाठवण्याआधी पुन्हा बघा, नंतर बदलायचं म्हटलं की वेगळा अर्ज करत बसावं लागतं.